तमोगुण की इजा

भारतीय विचारपरंपरेने झोपेला दोन अगदी निराळी स्थाने दिली आहेत. उपनिषदांच्या लेखी गाढ झोप, म्हणजे सुषुप्ती, ही अशी अवस्था आहे की जिच्यात जीव आपल्या मुळाशी जाऊन विसावतो. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला हेच समजावतो, आणि मांडूक्य उपनिषद या अवस्थेला आनंदमय म्हणते. नीतिविचाराकडे वळले की मात्र तीच झोप आरोपी म्हणून उभी दिसते. भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण जिवाला ज्यांनी बांधतो ती तीन बंधने प्रमाद, आलस्य आणि निद्रा अशी सांगितली आहेत. ज्ञानेश्वरांनी त्या श्लोकावर भाष्य करताना तामसाची झोपेची ओढ विस्ताराने वर्णिली आहे, आणि समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेच्या निरूपणाला एक स्वतंत्र समास दिला आहे. या दोन दृष्टींत विसंगती नाही असे परंपरेचा अभ्यासक म्हणेल, कारण रात्रीची वेळेवरची गाढ झोप वेगळी आणि दिवसा, श्रवणाच्या किंवा कामाच्या वेळी डोळ्यांवर येणारी झापड वेगळी. हे उत्तर बरोबर आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की दिवसाची झापड ज्याची त्याने ओढवून घेतलेली असते, ती त्याच्या संयमाच्या किंवा श्रद्धेच्या उणेपणाची खूण असते, आणि म्हणून तिच्याबद्दल त्याला बोल लावता येतो. झोपेतील श्वासरोधामुळे मेंदूला होणाऱ्या इजेचा जो अभ्यास गेल्या काही दशकांत झाला, त्याने हे गृहीत माणसांच्या फार मोठ्या समूहापुरते तरी टिकेनासे केले आहे, आणि धर्मविचाराने त्याची दखल अजून पुरेशी घेतलेली नाही.

ज्या विकाराला वैद्यकात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे अडथळ्यामुळे होणारा झोपेतील श्वासरोध, म्हणतात त्याची घडण पाहिल्याशिवाय हा मुद्दा पुढे नेता येत नाही. नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंत जाणारा घशाचा भाग हा हाडांच्या आधाराविना असलेला मऊ मार्ग आहे. जागेपणी तो उघडा राहतो तो भोवतालच्या स्नायूंच्या, आणि त्यांतही जीभ पुढे ओढून धरणाऱ्या जिनिओग्लॉसस नावाच्या स्नायूच्या ताणामुळे. झोप लागली की हा ताण सैल पडतो, आणि ज्याचा मार्ग मुळातच अरुंद आहे, मग तो मानेतील चरबीमुळे असो, लहान जबड्यामुळे असो की वाढलेल्या टॉन्सिलमुळे असो, त्याचा मार्ग मिटतो. रक्तातील ऑक्सिजन उतरू लागतो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू पुन्हा ताणले जातात, मोठा घोर काढून श्वास सुटतो, आणि झोपलेल्याला यातले काहीही न कळता तेच चक्र पुन्हा सुरू होते. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच मंदावला तर तो एक प्रसंग धरतात. ताशी ५ ते १५ प्रसंग असतील तर विकार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि त्याहून जास्त असतील तर तीव्र मानला जातो, म्हणजे तीव्र विकाराच्या माणसाचा श्वास सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा अडतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार ३० ते ६९ या वयोगटातील सुमारे ९३.६ कोटी माणसांना हा विकार कमीअधिक प्रमाणात आहे. ताज्यातवान्या मनाने न उठणे, दिवसभर पेंगणे, विसरभोळेपणा, चिडचिड आणि एखाद्या गोष्टीवर चित्त न ठरणे ही त्याची दिवसाची लक्षणे आहेत. प्रमाद, आलस्य, निद्रा या तीन शब्दांशी ही यादी ज्या तंतोतंतपणे जुळते ती जुळणी कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील अशी आहे.

या विकारात श्वास घेण्याची प्रेरणा थांबत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मार्ग मिटलेला असतानाही छाती आणि श्वासपटल आत ओढ घेतच राहतात, उलट ती ओढ क्षणाक्षणाला वाढत जाते. प्रेरणाच थांबते तो विकार निराळा, त्याला केंद्रीय श्वासरोध म्हणतात. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात अशी कथा आहे की वाणी, डोळा आणि कान यांनी आपापले काम अखंड करण्याचे व्रत घेतले, पण मृत्यूने थकव्याचे रूप घेऊन त्यांना गाठले, म्हणून वाणी थकते, डोळा थकतो, कान थकतो. मधल्या प्राणाला मात्र तो गाठू शकला नाही. प्रश्नोपनिषदात सौर्यायणी गार्ग्य पिप्पलाद ऋषींना विचारतो की माणूस झोपला असता त्याच्यात कोण जागे असते, आणि उत्तर मिळते की या देहरूपी नगरात प्राणाचे अग्नी तेवढे जागे असतात. उपनिषदकारांना श्वासरोध ठाऊक होता असा दावा या कथांवरून करणे अप्रामाणिकपणाचे होईल, आणि अशा दाव्यांनी उपनिषदांचा गौरव वाढत नाही. त्यांच्या निरीक्षणाचा जो खरा गाभा आहे, की झोपेत बाकी सारे सोडून दिले तरी श्वासाचा उद्योग सुटत नाही, तो श्वासरोधाच्या रुग्णातही खरा ठरतो. फक्त तो उद्योग बंद दारावर चाललेला असतो.

पिप्पलादांनी प्राणाला अग्नी म्हटले आणि उच्छ्वास-निःश्वासांना आहुती म्हटले, यातही विचाराला खाद्य आहे. अठराव्या शतकात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी प्राण्याच्या श्वसनातून बाहेर पडणारी उष्णता मोजून असे दाखवले की श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे. ज्वलन म्हटले की जळणाऱ्याबरोबर आसपासचे काही होरपळण्याची शक्यता आलीच. पेशीतील ऊर्जानिर्मितीत ऑक्सिजनचे पाण्यात रूपांतर होताना त्याचे काही रेणू अर्धवट वाटेत अडकतात आणि एक जास्तीचा इलेक्ट्रॉन घेऊन सुटतात. अशा रेणूला सुपरऑक्साइड म्हणतात आणि तो ज्या गटात मोडतो त्या अस्थिर, भेटेल त्याच्याशी अभिक्रिया करू पाहणाऱ्या रेणूंना मुक्त मूलके म्हणतात. त्यांचे प्रमाण आवरते राहिले नाही तर पेशींची आवरणे, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांची जी नासधूस होते तिला ऑक्सिडीकरणाचा ताण असे नाव आहे. जे जगवते तेच झिजवते, ही गोष्ट ऑक्सिजनच्या बाबतीत शब्दशः खरी आहे.

शरीराजवळ या ताणाचा प्रतिकार करणारी प्रथिने आहेत, आणि त्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक प्रथिने म्हणतात. त्यांतील पहिले, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. गुरांच्या रक्तातून वेगळे केलेले, तांबे बाळगणारे एक निळसर प्रथिन १९३८ सालापासून माहीत होते, पण त्याचे कार्य कोणाला ठाऊक नव्हते. १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी दाखवले की सुपरऑक्साइड निकामी करणे हेच त्याचे काम आहे, आणि ते काम ते इतक्या वेगाने करते की रेणू एकमेकांपर्यंत पोहोचण्याच्या वेगाचीच काय ती मर्यादा त्याला पडते. त्याच्या कामातून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होतो, आणि त्याचे पाणी करण्यासाठी कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन ही दुसरी प्रथिने उभी असतात. ही सारी व्यवस्था ऑक्सिजनच्या बऱ्याचशा एकसारख्या पुरवठ्याला सरावलेली आहे. श्वासरोधात ऑक्सिजन उतरतो आणि लगेच उसळून परततो, पुन्हा उतरतो आणि पुन्हा परततो. परतण्याच्या त्या क्षणी मुक्त मूलकांचा जो लोंढा येतो तो या प्रथिनांना आवरत नाही, आणि हे एका रात्रीत शेकडो वेळा, वर्षानुवर्षे घडत राहते.

आता मूळ प्रश्नाला भिडणारा पुरावा. अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया विद्यापीठात सिग्रिड व्हीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळी, अनेक आठवडे, ऑक्सिजनच्या अशाच चढउतारात ठेवले. नंतर त्यांना साध्या हवेत पुरेसा काळ विश्रांती देऊनही ते उंदीर नेहमीपेक्षा जास्त झोपाळू राहिले, आणि मेंदूच्या ज्या भागांतील चेतापेशी प्राण्याला जागे ठेवतात त्या भागांत ऑक्सिडीकरणाच्या इजेच्या खुणा सापडल्या. पुढच्या प्रयोगांत या जागृतीच्या चेतापेशींपैकी काही कायमच्या नष्ट झाल्याचेही दिसले. सुपरऑक्साइड निर्माण करणारे एक विशिष्ट विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ज्या उंदरांत जन्मतःच निकामी होते ते मात्र त्याच चढउतारातून जाऊनही या झोपाळूपणापासून वाचले. दुसऱ्या एका संशोधकगटाने सुपरऑक्साइड डिसम्युटेज जास्त प्रमाणात बनवणारे उंदीर घेतले, तेव्हा मेंदूच्या बाह्यस्तरातील चेतापेशींचे मरण त्यांच्यात कमी झालेले आढळले. ही प्रथिने किंवा त्यांची नक्कल करणारे रेणू उद्या श्वासरोधावरचे औषध होऊ शकतील, ही आशा अशा प्रयोगांवर उभी आहे. माणसांत असे कोणतेही प्रथिन अजून उपचार म्हणून सिद्ध झालेले नाही, आणि उंदराच्या मेंदूवरून माणसाच्या मेंदूवर उडी मारताना पुष्कळ सावधगिरी हवी. पण उपचारानंतर श्वासमार्ग रात्रभर उघडा राहूनही ज्यांची दिवसाची झापड जात नाही असे रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात, आणि त्यांच्याबाबत या प्रयोगांनी दिलेला खुलासा आजच्या घडीला सर्वांत समंजस आहे.

या खुलाशाचा तात्त्विक भार असा, की जागे राहण्याची क्षमता ही चेतापेशींच्या एका लहानशा समूहावर अवलंबून आहे, तो समूह जखमी होऊ शकतो, आणि एखादे प्रथिन अधिक असल्याने तो वाचू शकतो. सावधानता हा जर सद्गुण असेल, आणि सर्व साधनामार्गांनी तो तसा मानला आहे, तर या सद्गुणाचा एक अंश प्रथिनाच्या मात्रेवर उभा आहे असे म्हणावे लागते. अनेकांना हे विधान धर्माचा अवमान करणारे वाटेल. पापपुण्याचा हिशोब रसायनाच्या हाती जातो, मग साधनेला, निश्चयाला, वैराग्याला अर्थ काय उरला, असा त्यांचा आक्षेप असतो, आणि तो हलकेपणाने बाजूला सारण्यासारखा नाही.

तरीही गुणांची कल्पना ज्या दर्शनाने घडवली त्या सांख्यदर्शनाकडे गेले तर हा आक्षेप तितकासा उभा राहत नाही. सांख्यांच्या मते सत्त्व, रज आणि तम हे प्रकृतीचे घटक आहेत. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, त्यांच्यापासून सर्वथा वेगळा आहे. सांख्यकारिका तमाचे वर्णन जड आणि झाकणारे असे करते, आणि बुद्धी, अहंकार, मन ही तिन्हीही प्रकृतीचीच परिणती मानते. म्हणजे मनाचा जडपणा ही प्रकृतीतील एक घडामोड ठरते, आणि प्रकृतीतील घडामोडीवर प्रकृतीतीलच दुसऱ्या वस्तूचा परिणाम व्हावा यात विस्मय करण्याजोगे काही नाही. छांदोग्यातील आरुणी तर याहून पुढे जातो. मन अन्नमय आहे हे पटवण्यासाठी तो श्वेतकेतूला पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो. त्यानंतर त्या विद्वान मुलाला वेद आठवेनात, आणि जेवल्यावर ते पुन्हा आठवू लागतात. ज्या उपनिषदाने आत्म्याविषयीचे सर्वांत धाडसी विधान केले त्यानेच स्मरणशक्ती अन्नावर अवलंबून असल्याचा हा प्रयोग शिष्याच्या देहावर करून दाखवला, आणि त्यात त्याला काही उणेपणा वाटला नाही. तमाला नैतिक कलंक समजण्याची सवय ही पुढच्या उपदेशपर वाङ्मयाने, शिस्तीच्या गरजेतून, पक्की केलेली दिसते. दर्शनाने ती लादलेली नाही.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात या संदर्भात एक उतारा आहे, आणि तो निद्राविज्ञानाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावा इतका मार्मिक आहे. पतंजलींनी निद्रेलाही चित्ताची एक वृत्ती मानले. तिचा पुरावा म्हणून भाष्यकार उठल्यावर होणाऱ्या तीन प्रकारच्या स्मरणांकडे बोट दाखवतो. कोणी म्हणतो की झोप सुखाची झाली आणि मन प्रसन्न आहे. कोणी म्हणतो की झोप दुःखाची झाली आणि मन भरकटते आहे. आणि तिसरा म्हणतो की झोप गाढ, मूढ अशी झाली, पण अवयव जड आहेत, चित्त थकलेले आहे आणि कोणी चोरून नेल्यासारखे झाले आहे. भाष्यकारांनी हा तिसरा प्रकार तमाच्या बाजूचा मानला असला, तरी त्यांच्या वर्णनात निंदा नाही, निरीक्षण आहे. श्वासरोधाचा रुग्ण सकाळी नेमके हेच सांगतो: रात्रभर झोपलो, मध्ये जाग आल्याचे आठवत नाही, पण अंग जड आहे आणि डोके ठिकाणावर नाही. अद्वैती विचारवंतांनी झोपेतून उठलेल्याच्या साक्षीला, म्हणजे सुखाने झोपलो आणि काही कळले नाही या स्मरणाला, झोपेतही साक्षीचैतन्य असल्याचा पुरावा म्हणून फार महत्त्व दिले, तर नैयायिकांनी असे म्हटले की ते स्मरण नव्हे, उठल्यानंतर केलेले अनुमान आहे. झोपेची तपासणी करताना मेंदूच्या विद्युत्लहरींचे जे आलेख घेतात त्यांत रुग्ण शेकडो वेळा क्षणभर जागा झाल्याचे दिसते आणि सकाळी त्याला त्यातला एकही क्षण आठवत नाही. या विकारापुरते तरी नैयायिकांचे म्हणणे अधिक जवळचे वाटते, कारण रात्र अखंड गेली हे रुग्णाचे सांगणे स्मरणातल्या रिकाम्या जागांवरून बांधलेले अनुमान असते आणि ते चुकीचे असते. मात्र अंगाच्या जडपणाची त्याची साक्ष खरी असते. दोष द्यायचा की नाही याचा निर्णय करताना कोणाचे शब्द ऐकायचे आणि त्यांतले कोणते, हा प्रश्न यामुळे अधिक नाजूक होतो.

दोषारोपाचा मुद्दा एवढ्याने संपत नाही, कारण आक्षेपकाच्या हाती आणखी एक शस्त्र आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात असा भेद केला आहे की जन्मतः, आजाराने किंवा आघाताने आंधळ्या झालेल्याला कोणी दोष देत नाही, पण मद्यपानाने दृष्टी गमावलेल्याला सगळे देतात. लठ्ठपणा हे श्वासरोधाचे एक मोठे कारण आहे हे निर्विवाद. मग झापड ही इजा असली तरी त्या इजेमागची जीभ ज्याची त्याचीच नाही का? सुश्रुतसंहितेतही अतिस्थूल माणसाच्या लक्षणांत धाप आणि अतिनिद्रा यांच्या जोडीला श्वास एकाएकी अडणे सांगितले आहे, आणि चरकाने स्थूलतेची आणि निद्रेची चर्चा सूत्रस्थानातील एकाच अध्यायात केली आहे, तेव्हा हा संबंध नवा नाही. पण हा युक्तिवाद मुलांपाशी येऊन अडतो. मुलांतील श्वासरोधाचे सर्वांत सामान्य कारण वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या ग्रंथी हे आहे, आणि त्यात मुलाचा अपराध शोधूनही सापडणार नाही. १८८९ साली ब्रिटनमधील विल्यम हिल या डॉक्टरने मुलांतील मागासलेपणा आणि मठ्ठपणा यांच्या कारणांवर लिहिताना नाकघशातील या अडथळ्याकडे लक्ष वेधले, आणि विल्यम ऑस्लर यांनी १८९२ च्या आपल्या वैद्यकग्रंथात तोंडाने श्वास घेणाऱ्या, चेहऱ्यावर मंदपणा असलेल्या, प्रश्नांना उशिरा उत्तर देणाऱ्या मुलांचे वर्णन केले. तोवर, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, अशा मुलांना वर्गात ढ आणि आळशी म्हणून छड्या बसत आल्या. शस्त्रक्रियेने असे प्रत्येक मूल हुशार होते असेही नाही: २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ४६४ मुलांच्या चाचणीत टॉन्सिल काढल्यावर लक्ष देण्याच्या औपचारिक कसोट्यांत ठळक फरक पडला नाही, पण वागणूक आणि रोजचे जगणे निश्चित सुधारले. मुलाला शिक्षा करणे हा अन्याय होता हे त्या सुधारणेवर अवलंबून नाही.

प्रौढांच्या बाबतीतही कारण आणि परिणाम एका सरळ रेषेत मांडता येत नाहीत. झोप बिघडलेल्या माणसाची भूक वाढते, हालचाल कमी होते, वजन वाढते आणि वजनाने श्वास अधिक अडतो. त्याहून सूक्ष्म वर्तुळ मेंदूच्या खोडात आहे: जिभेला पुढे ओढणाऱ्या स्नायूकडे आज्ञा नेणाऱ्या चेतापेशी आणि तो स्नायू यांनाही ऑक्सिजनच्या चढउताराने इजा पोहोचते असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात, म्हणजे श्वास अडल्याने तोच मार्ग उघडा ठेवणारी शक्ती क्षीण होते आणि श्वास आणखी अडतो. एक रोग दुसऱ्या रोगाचे निदान, म्हणजे मूळ कारण, होऊ शकतो हा विचार चरकसंहितेच्या निदानस्थानात स्पष्ट मांडलेला आहे. ज्वरातून रक्तपित्त आणि रक्तपित्तातून ज्वर असे परस्परांना जन्म देणारे विकार तिथे उदाहरण म्हणून येतात. श्वासरोध हा स्वतःलाच जन्म देणारा विकार आहे, आणि वर्तुळात फिरणाऱ्या कारणात अपराधाचा पहिला क्षण नेमका कोणता हे दाखवता येत नसेल तर ॲरिस्टॉटलचा भेद लावायचा कुठे?

ऑक्सिडीकरणरोधक प्रथिनांवर घेतला जाणारा एक वैद्यकीय आक्षेप याच ठिकाणी सुटतो. कारण टाळणे हाच उपचाराचा गाभा, असे आयुर्वेद मानतो. मग घसा मिटतच राहिला आणि औषधाने केवळ त्यामुळे होणारी नासधूस थोपवली, तर त्याला उपचार म्हणावे का? ज्या विकारात परिणाम हाच पुढचे कारण असतो तिथे परिणाम थोपवणे म्हणजे कारणाचाच एक भाग काढून घेणे होय, म्हणून त्याला उपचार म्हणणे न्याय्य आहे. मात्र तो पुरेसा उपचार नव्हे. मार्ग उघडण्याचे साधन वेगळे आहे: १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणलेले सीपॅप यंत्र, जे नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा सतत देऊन घसा मिटू देत नाही. आणि ऑक्सिडीकरणाला सरसकट शत्रू ठरवण्याची चूक एकदा महागात पडली आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हा ऑक्सिडीकरणरोधक पदार्थ घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. मुक्त मूलके पेशींना संदेश देण्याचे आणि जंतू मारण्याचे कामही करतात; त्यांना संपूर्ण पुसून टाकणे शरीराला मानवत नाही. शिवाय प्रथिन तोंडाने घेतले तर जठरातच पचून जाते, आणि टोचून दिले तरी मेंदूपर्यंत पोहोचणे त्याला कठीण असते. म्हणून संशोधकांचा ओढा त्यांची नक्कल करणाऱ्या लहान रेणूंकडे आणि शरीराची स्वतःची प्रथिने वाढवणाऱ्या द्रव्यांकडे आहे.

सीपॅप उपलब्ध असताना हा विकार सोसत राहणाऱ्या माणसाला तरी दोष द्यावा की नाही, हा प्रश्न उरतो, आणि सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. रोग ठाऊक असून जो उपचार न घेता रात्री मालमोटार चालवतो त्याची जबाबदारी दुसऱ्यांच्या जिवाशी जोडलेली आहे, आणि तिथे दोष देण्यावाचून गत्यंतर नाही. पण रोज रात्री मुखवटा लावून झोपणे हे सोपे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७०० हून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीपॅपचा सरासरी वापर रात्री जेमतेम ३.३ तास भरला. नेटाने एखादी गोष्ट करत राहण्यासाठी जी सावधानता आणि जो उत्साह लागतो तोच या विकाराने पोखरलेला असतो; ज्या हाताने औषध घ्यायचे तो हातच जखमी आहे. अशा माणसाला निश्चयाचा उपदेश करणाऱ्याने आपण त्याच्याजवळ नेमके काय मागतो आहोत याचा विचार केलेला नसतो. प्रथिनांवर आधारलेल्या उपचाराची खरी नैतिक किंमत इथे आहे: तो माणसाला सद्गुणी करणार नाही, पण स्वतःच्या उपचारात भाग घेण्याची शक्ती त्याच्या मेंदूत राखून ठेवील.

बौद्ध परंपरेने थीनमिद्ध, म्हणजे मनाची मरगळ आणि सुस्ती, या गोष्टीला ध्यानातील पाच अडथळ्यांत गणले, आणि तरीही तिच्याशी कसे वागावे याचा एक फार माणुसकीचा नमुना जपून ठेवला. अंगुत्तर निकायात अशी कथा आहे की मगधात एका गावी मोग्गल्लान भिक्खू बसल्या जागी पेंगत होते. ते बुद्धांच्या प्रमुख शिष्यांपैकी एक. बुद्धांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले: पेंग आणणारा विचार सोडावा, शिकलेल्या धम्माचे चिंतन करावे, पाठांतर म्हणावे, कान ओढावेत, डोळ्यांवर पाणी मारून आकाशातील तारे पाहावेत, प्रकाशाची भावना करावी, येरझाऱ्या घालाव्यात, आणि एवढ्यानेही झोप गेली नाही तर उजव्या कुशीवर, उठण्याची वेळ मनात ठरवून, निजावे. उपायांच्या या क्रमात निर्भर्त्सना नाही. पेंगणाऱ्याची श्रद्धा कमी पडली असा निष्कर्ष त्यात काढलेला नाही, आणि शेवटचा उपाय तर शरीराची मागणी मान्य करतो. आज कीर्तनात, प्रवचनात किंवा विपश्यनेच्या शिबिरात कोणी रोज पेंगत असेल तर याच क्रमात आणखी एक पायरी घालायला हवी, ती म्हणजे हा माणूस घोरतो का, झोपेत त्याचा श्वास थांबतो का, हे त्याच्या घरच्यांना विचारणे आणि झोपेची तपासणी करून घ्यायला सांगणे.

याचा अर्थ सगळी झापड हा आजार आहे असा नाही. जाणूनबुजून रात्री जागरणे करून दिवसा डुलक्या घेणारा, किंवा कर्तव्याला कंटाळून पांघरूण ओढणारा माणूस अस्तित्वात आहे, आणि गीतेचा उपदेश त्याला लागू आहे. अडचण ही की बाहेरून पाहणाऱ्याला हे दोघे सारखेच दिसतात, आणि पुष्कळदा पेंगणाऱ्याला स्वतःलाही आपण यांतले कोणते हे सांगता येत नाही. वर्षानुवर्षे आळशी म्हणवून घेतलेला माणूस शेवटी ते खरे मानतो, आणि त्याची ही स्वतःविषयीची समजूत मुखवट्याने किंवा औषधाने जात नाही. ज्यांच्या जागृतीच्या चेतापेशी आधीच नष्ट झाल्या असतील त्यांना ऑक्सिडीकरणरोधक प्रथिनांचाही फारसा उपयोग होणार नाही, कारण ही प्रथिने उरलेले राखतात, गेलेले परत आणत नाहीत. त्यांना जागे राहण्यासाठी उत्तेजक औषधे मिळतील, दिवसाची थोडी झोप मिळेल, कामाच्या वेळा बदलून मिळतील. आणि सांख्यांचे म्हणणे मानले तर त्यांच्या बुद्धीवर आलेले हे जड आवरण ज्या चैतन्यासमोर उभे आहे त्या चैतन्यात इतरांच्या तुलनेत तिळभरही उणे नाही, म्हणून मोक्षाच्या किंवा भक्तीच्या अधिकारातून त्यांना वगळण्याला कोणताही तात्त्विक आधार सापडत नाही.